रकाना अकरा

जिल्हाधिकारी कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल, छत्री, प्रिंटर.
वारसनोंद, रेशन, हरवल्याचा दाखला, सगळं लिहून देते मी.
पण 'प्रार्थनास्थळाच्या सुरक्षेसाठी साहाय्यक अनुदान'
हा नमुना पहिल्यांदाच पाहिला,
शिमशोन झिराडकरांच्या नायलॉनच्या पिशवीत.
एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस.
"लै फिरवलं हो बाई," म्हणाले, "चार टेबलं झाली."

"आम्ही शनिवार तेली. आजा कोकणातनं घाण्यावरनं उठून इथं आला.
शाहूपुरीत दोन खोल्या,
पश्चिमेच्या भिंतीला कपाट,
कपाटात गुंडाळी.
एवढीच आमची संस्था."

रकाना चार : सभासद संख्या.
"नऊ. इचलकरंजीचा नातू आला तर दहा.
दहा भरले की प्रार्थना पुरी होते."
मी दहा टाकले.
घरी जाऊन परत आले.
"नऊच करा. त्याला सुट्टी नसते."

रकाना सात : तीन दरपत्रके.
लक्ष्मीपुरीत दोन मिळाली,
तिसरं दुकानदारानं मेहुण्याच्या नावानं दिलं.

रकाना अकरा :
यापूर्वी घडलेल्या धोक्याच्या घटना, तपशील व पुरावा.

"काहीच नाही."
दगड?
"नाही."
चिठ्ठी, फोन?
"एकदा क्रिकेटचा बॉल आला. काच गेली.
पोरानं स्वतः पैसे आणून दिले. निम्मे."

मग बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत बसले.
"लांब कुठं, परमुलखात, काही झालं
की ठाण्यातनं शिपाई येतो.
दारं किती, खिडक्या किती, वहीत लिहितो, सही घेतो.
चांगला आहे बिचारा, चहा पितो.
तो गेला की आमची सिम्हा
शुक्रवारचा दिवा खिडकीतनं उचलून आत नेते.
हे पुराव्यात बसतंय का बघा."

मला जमत होतं.
'अज्ञात इसम', दोनच शब्द,
त्यांच्यावर मी कित्येकांच्या फायली पळवल्यात.
बोट कीबोर्डवर, तेवढ्यात काका म्हणाले,
"अज्ञात कोण? आमच्या गल्लीत सगळे ज्ञात आहेत.
नाव नाही घेतलं
तरी ते कुणाच्या तरी पोराच्या अंगावर जाईल."

किल्ली समोरच्या मेहबूब तांबोळींकडे, एकतीस वर्षं.
रात्री उठतात, कडी हलवून बघतात, झोपतात.
आता मोतीबिंदू : एक डोळा झालाय, दुसऱ्याला तारीख नाही.
गुळाच्या अडतीवरचा दत्तू हमाल पायरीवर निजायचा,
पाठ गेली त्याची, कोतोलीला परतला.

मी लिहिलं :
'आजवर संस्थेची राखण शेजाऱ्यांनी केली.
शेजारी आता म्हातारे झाले आहेत.'
काकांनी चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून वाचलं.
"खरं आहे. छापा."

त्रुटीची पत्रं आली दोन.
एकात संस्थेचं नाव 'ज्यूस सेंटर' पडलं होतं,
काका इतके हसले की पाणी द्यावं लागलं.

अकरा महिन्यांनी मंजुरी :
चारऐवजी दोन कॅमेरे, एक लोखंडी दार.
पहारेकऱ्याचं पद 'निकषात बसत नाही'.
ड्रिलवाल्या पोराला काका म्हणाले,
चौकटीवरच्या मेझुझाला चार बोटं सोडून मार.
"काय हाय ते?"
"पत्ता."
पोरानं मान डोलावली, पाच बोटं सोडली.

माझे पैसे दिलेच, वर डब्यातून मलिदा :
पोहे, ओलं खोबरं, आपल्या मार्केट यार्डातला गूळ.

आता दर तिमाहीला अहवाल.
कालावधीत घडलेल्या घटना : निरंक.
"मोठ्यानं वाच पोरी."
निरंक.
"आमेन," म्हणतात, आणि खिसे चाचपतात.

परवा त्यांनी मोबाइलवर दाखवलं,
रात्रीचे दोन दहा, राखाडी चित्र,
लुंगीतला एक म्हातारा हळूहळू रस्ता ओलांडून येतो,
नवं लोखंडी दार दोनदा हलवून बघतो,
कॅमेऱ्याकडे न बघता परत जातो.

हे लिहायचं का अहवालात, मी विचारलं.
"नको. निकषात बसायचं नाही," काका म्हणाले.
"आणि पोच घ्यायला विसरू नको,
मागच्या वेळी शिक्का पुसट होता."